अंगावरचे पित्त ओळखताना : प्रस्तावना

हैदराबादच्या मलकपेठेत रात्री एखाद्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, की उपाय काय होणार हे घरात कोण जागे आहे त्यावर ठरते. मराठी आजी वाटीभर पाण्यात आमसुले भिजत घालते. शेजारची खाला ‘पित्ती उछल गई’ म्हणत गेरू उगाळायला सांगते. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू दद्दुर्लु म्हणतात आणि कडुनिंबाचा पाला घेऊन येतात. घरातला मुलगा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणतो. सकाळी अंग स्वच्छ असते आणि चौघांनाही वाटते, गुण आपल्याच उपायाला आला.

यांतल्या कोणालाही खोटे पाडण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. पण अभ्यासाला बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. अंगावरच्या पित्ताची कोणतीही एक गांधी औषध न घेताही बहुधा 24 तासांच्या आत विरते आणि मागे वण ठेवत नाही. जो त्रास आपणहून उतरतो, त्यात प्रत्येक उपाय यशस्वी ठरतो. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या इतके उपाय टिकून राहिले. आणि म्हणूनच त्यांतला खरा उपयोगाचा कोणता आणि नुसता सोबतीला असलेला कोणता, हे सांगणे कठीण होऊन बसले. ते सांगायचे तर पाहण्याची शिस्त लागते. ही शिस्त दवाखान्यापेक्षा घरात जास्त पाळता येते, कारण डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत चट्टे गेलेले असतात. डॉक्टरांसमोर रुग्ण बसतो तो रिकामा हात दाखवत. या आजाराचा खरा साक्षीदार घरचा माणूस असतो, आणि त्याची साक्ष पक्की व्हावी यासाठी पुढची प्रकरणे आहेत.

सुरुवात ओळखीपासून. गांधी म्हणजे त्वचेवर अचानक उठलेला, कडा उंचावलेला, मध्ये फिकट आणि भोवती लालसर असा खाजरा फुगवटा. तो मुगाएवढा असू शकतो, तळहाताएवढाही. दोन-चार गांधी एकमेकींना मिळून नकाशासारखा आकार होतो, मग एका बाजूने विरत दुसऱ्या बाजूने सरकतो. खात्री करून घ्यायची सोपी रीत अशी : साध्या बॉलपेनने चट्ट्याच्या कडेने रेघ ओढावी, शेजारी वेळ लिहावी, फोनवर फोटो काढावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहावे. रेघेच्या आतली कातडी पूर्ववत झाली असेल आणि चट्टे दुसरीकडेच उठले असतील, तर ते पित्त. चट्टा रेघेच्या आतच ठाण मांडून असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल, जाताना जांभळट डाग ठेवत असेल, तर प्रकरण रक्तवाहिन्यांच्या दाहाचे असू शकते आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक ठरते. गजकर्णाचे वर्तुळ आठवडे टिकते. 1950च्या दशकात पुण्याच्या आसपास प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत त्वचेला लागले, तर उठणारा इसब दिवसेंदिवस राहतो, सोलतो, चिघळतो. पेनाची एक रेघ या सगळ्यांना पित्तापासून वेगळे करते, आणि तिला पैसा पडत नाही.

हा त्रास विरळा नाही. साधारण पाच माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी अंगावर पित्त उठते असे मानले जाते. बहुतेकांचे ते काही दिवसांत संपते. सहा आठवड्यांच्या आत संपले तर तात्पुरते, त्याहून लांबले तर जुनाट, अशी विभागणी आज जगभर मानली जाते. जुनाट पित्त शंभरात एखाद्याला होते आणि बायकांत ते पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते.

आता मराठी घरातला सर्वांत मोठा गोंधळ. छातीत जळजळते तेही पित्त आणि अंगावर उठते तेही पित्त. त्यामुळे अंग खाजू लागले की माणूस आंबट-तिखट सोडतो, सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतो आणि थंड दूध पितो. जठरातल्या आम्लाने अंगावर गांधी उठत नाहीत. तरीही या दोन्हींत एक दुवा आहे, आणि तो कळला की गोंधळ मुळापासून सुटतो. तो दुवा म्हणजे हिस्टामिन. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी 1910 मध्ये या रसायनाचा शरीरावरचा परिणाम तपासून मांडला. हिस्टामिन शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या ग्राहकांना (पेशींवरच्या रिसेप्टरांना) जाऊन चिकटते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आणि नसा यांच्यावरच्या एच-1 ग्राहकांना चिकटले की लाली, सूज, खाज. जठराच्या अस्तरातल्या एच-2 ग्राहकांना चिकटले की आम्ल पाझरते. हा दुसरा ग्राहक जेम्स ब्लॅक यांनी 1972 मध्ये दाखवून दिला. त्यातून आम्ल रोखणारे सिमेटिडिन हे औषध आले, आणि 1988 च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. म्हणजे रसायन एकच, पण कुलूप वेगळे. जठराच्या कुलपाला बसणारी किल्ली कातडीच्या कुलपाला लागत नाही. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या गोळ्या तर हिस्टामिनच्या वाटेलाही जात नाहीत, त्या आम्लाचा पंपच बंद करतात. त्यांच्या भरवशावर अंगावरचे पित्त उतरण्याची वाट पाहणे म्हणजे रात्र खाजवण्यात घालवणे.

त्वचेखाली काय घडते, हे थोडे जवळून पाहू. तिथे रक्तवाहिन्यांच्या आणि नसांच्या आजूबाजूला मास्ट पेशी असतात. पाउल एरलिख या जर्मन संशोधकाने 1878 मध्ये आपल्या प्रबंधात, रंगद्रव्ये वापरून, त्यांचे वेगळेपण दाखवले. या पेशींच्या पोटात दाणे असतात आणि दाण्यांत हिस्टामिन. पेशी चेतली की दाणे बाहेर पडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपते आणि कातडी फुगते. लंडनच्या थॉमस लुईस यांनी त्वचेच्या रक्तवाहिन्यांवरचा आपला ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग कोणालाही घरी करता येतो. चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट वस्तूने हाताच्या आतल्या बाजूवर जरा दाबून रेघ ओढा. आधी लाल रेघ दिसते, मग तिच्या भोवती लाली पसरते. ज्यांच्या मास्ट पेशी हळव्या असतात, त्यांच्या हातावर पाच-दहा मिनिटांत रेघेची उंच, खाजरी वरंबी उभी राहते. अशांना कंबरेच्या नाडीपाशी, मोज्यांच्या रबराखाली, पर्सच्या पट्ट्याखाली चट्टे उठतात आणि ते दोष देत बसतात कालच्या जेवणाला.

जेवणाचा दोष असतोच नाही असे नाही. त्याचा पहिला भक्कम पुरावा एका मासळीने दिला. ब्रेस्लाऊचे हाइन्झ क्युस्टनर यांना मासे खाल्ले की अंगावर पित्त उठत असे. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ज्या माणसाला माशाने कधी काही झाले नव्हते, त्याच्या पोटावर तेवढ्याच जागी गांधी उठली. हा प्रयोग 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात काहीतरी आहे जे हा हळवेपणा वाहून नेते, हे त्याने सिद्ध केले. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई नावाचे प्रतिपिंड आहे, हे समजायला 1966-67 साल उजाडले. किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनचे योहान्सन व बेन्निश यांच्या कामातून ते हाती लागले. जुनाट पित्तात मात्र बाहेरचा पदार्थ बहुधा नसतोच. तिथे अनेकांच्या शरीरात स्वतःच्याच आयजीईविरुद्ध किंवा त्याच्या ग्राहकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि मास्ट पेशी घरातल्या घरात चेतत राहतात. ज्यांनी वर्षभर एकेक पदार्थ सोडून पाहिला आणि तरी उतार पडला नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. चूक त्यांच्या ताटात नव्हती.

जुन्या ग्रंथांकडे वळतो, कारण मलकपेठेतून त्यांच्याकडे जायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या गड्डीअन्नारममध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज ही संस्था आहे. हैदराबादेत तिची सुरुवात 1956 मध्ये उस्मानिया मेडिकल कॉलेजातल्या वैद्यकेतिहासाच्या विभागातून झाली आणि डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडलेले आहे. चरकसंहिता आणि माधवनिदान हे ग्रंथ या संस्थेने संगणकावर वाचण्याजोगे करून ठेवले. रोगांच्या निदानाला वाहिलेल्या माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात बिघडतात, पित्ताशी मिळून त्वचेत पसरतात आणि गांधीलमाशी डसल्यासारखी सूज उठते, खाज येते, टोचते, असे माधवाचे म्हणणे. चट्टे उठण्याआधी तहान, तोंडाला बेचव, मळमळ, अंग जड होणे, डोळे लाल होणे ही लक्षणेही तो देतो. पुढे तो भेद करतो : वाताचा जोर असेल तर शीतपित्त, कफाचा जोर असेल, शिशिरात बळावत असेल तर उदर्द, वमनाची क्रिया नीट न झाल्याने उठणारे ते कोठ. चरकाने उदर्द शमवणाऱ्या दहा वनस्पतींचा गट आधीच बांधून ठेवला होता. त्यात खैर, बोर, अर्जुन, सातवीण, असाणा आहेत.

आजच्या भाषेत या भेदांचे शब्दशः भाषांतर करू नये. वात म्हणजे अमुक रसायन आणि कफ म्हणजे तमुक पेशी, अशा जोड्या लावणाऱ्या लेखनाने दोन्ही शास्त्रांचे नुकसान केले आहे. पण त्या वैद्यांची नजर घेण्यासारखी आहे. कशाने उठले, कोणत्या ऋतूत उठले, त्याआधी काय झाले होते, हे त्यांनी विचारले, आणि एका दिसणाऱ्या चट्ट्यामागे अनेक प्रकार आहेत हे ओळखले. आजचा तज्ज्ञही हेच विचारतो. युनानीतही अंगावरच्या पित्ताला शरा या नावाने वेगळे स्थान आहे. चारमिनारजवळचे निजामिया रुग्णालय आणि एर्रागड्ड्याची त्वचारोगांवरची राष्ट्रीय युनानी संशोधन संस्था या शहरात असल्याने ती परंपरा इथे चालू व्यवहारातली आहे.

जुने उपचार वाचताना मराठी वाचक एका ठिकाणी अडखळतो. आज प्रत्येक डॉक्टर गार पाण्याची पट्टी ठेवायला सांगतो. शीतपित्ताच्या जुन्या चिकित्सेत मात्र मोहरीच्या तेलाचे मर्दन आणि गरम पाण्याचा शेक येतो. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या योगरत्नाकरातही शीतपित्ताची चिकित्सा दिली आहे, तीही याच वळणाची. मग खरे कोणाचे? दोन्ही आपापल्या जागी. गारठ्याने उठणारे पित्त हा आजही मानलेला एक वेगळा प्रकार आहे. थंड वारा, फ्रिजमधले पाणी, एसीचा झोत, पावसात भिजणे यांनी तो उठतो आणि ऊब मिळाली की शमतो. माधवाने गार वाऱ्याचे कारण प्रथम ठेवले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असे रुग्ण असणार असे मला वाटते. त्यांना शेक मानवला असणार. पण तोच शेक उष्म्याने आणि घामाने पित्त उठणाऱ्याला दिला तर तो हैराण होईल. या पुस्तकाचा सगळा भर इथेच आहे : प्रकार ओळखल्याशिवाय उपाय निवडू नये.

त्याच कसोटीवर आपल्या घरचे उपाय लावून पाहू. आमसुलाचे पाणी कोकणातून मराठी कुटुंबांबरोबर सगळीकडे गेले. त्यातला खात्रीचा गुण थंडाव्याचा. गार ओलावा रक्तवाहिन्या आवळतो आणि खाजेचा संदेश नेणाऱ्या नसांना मंदावतो. साध्या पाण्यात बुडवून पिळलेले सुती फडके दहा मिनिटे ठेवले तरी तो मिळतो. आमसूलच वापरायचे असेल तर बिनमिठाचे घ्यावे. बाटलीतल्या आगळात मीठ असते आणि खाजवून सोलवटलेल्या जागी ते चरचरते. गारठ्याचे पित्त असलेल्याने मात्र ही पट्टी घेऊच नये.

घोंगडीची गोष्ट याहून बोलकी आहे. देशावर पित्त उठले की घोंगडी पांघरायची किंवा अंगावरून फिरवायची रीत आहे. गारठ्याच्या पित्तात तिची ऊब लाभते. पण ज्याच्या हातावर चमच्याची वरंबी उठते, त्याच्या अंगावर खरखरीत लोकर घासणे म्हणजे लुईस यांचा प्रयोग सर्वांगावर करणे. चार गांधींच्या चाळीस होतात. अशा माणसाला सैल, मऊ, जुना सुती सदरा द्यावा, नखे कापावीत, अंग पुसताना टॉवेल घासू नये, टिपावे.

गेरूत लोहाचे ऑक्साइड असते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गुलाबी कॅलामाइन लोशनचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, बाकी मुख्यतः झिंक ऑक्साइड. दोन्ही लेप वाळताना गारवा देतात. फरक शुद्धतेचा आहे. रांगोळीच्या दुकानातला गेरू कशात मिसळला आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो पोटात तर कधीच घेऊ नये. कडुनिंबाचा पाला टाकलेले पाणी कोमट असेल तर हरकत नाही, कढत असेल तर बहुतेकांची खाज वाढते. हरिद्राखंडाला शीतपित्ताच्या चिकित्सेत जुना मान आहे. वैद्याच्या देखरेखीखाली ते घेणाऱ्यांनी त्यात साखर भरपूर असते हे लक्षात ठेवावे. मधुमेह असलेल्या घरात हे आधी विचारले पाहिजे.

कारणांचा शोध हा या विषयातला सर्वांत रंजक भाग, आणि मलकपेठेत त्याला उदाहरणे कमी नाहीत. गंजात, म्हणजे इथल्या घाऊक बाजारात, पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा संध्याकाळी सुजून ठणकू लागला, तर ती दुखापत असेलच असे नाही. दाबाने उठणारे पित्त दाब पडल्यावर चार-सहा तासांनी येते, खोलवर सुजते आणि खाजण्याऐवजी दुखते. वेळेचे हे अंतर माहीत नसले की त्याचा संबंध पोत्याशी जोडला जात नाही. त्याच गंजात सुक्या मिरचीच्या खाटाने हातांची आणि मानेची आग होते. ती मिरचीच्या तिखट द्रव्याची आग असते, पित्त नव्हे, आणि त्यावर पित्ताची गोळी चालत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात चालून आल्यावर किंवा तिखट रस्सा खाऊन घाम फुटल्यावर छातीवर बाजरीच्या दाण्याएवढ्या बारीक, खाजऱ्या पुटकुळ्या उठतात. लोक त्यांना घामोळे म्हणतात. घामोळे दिवसेंदिवस टिकते. घामाने उठलेले पित्त अंग निवले की तासाभरात जाते.

मासळीचे प्रकरण आणखी वेगळे. समुद्राची मासळी हैदराबादला दुरून, बर्फात येते. बांगडा किंवा ट्यूना यांसारखा मासा वाटेत बर्फाविना राहिला, तर जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. शिजवल्याने, तळल्याने ते नष्ट होत नाही. असा मासा खाल्लेल्या घरातल्या तिघाचौघांचे चेहरे एकदम लाल होतात, अंग खाजते, डोके दुखते. ही माशाची ॲलर्जी नव्हे, शिळ्या माशाची विषबाधा. एकालाच झाले की सर्वांना, हा एक प्रश्न विचारला की बहुधा उत्तर मिळते. ते न विचारल्यामुळे एखाद्याला जन्मभर बांगडा वर्ज्य होतो, विनाकारण.

लहान मुलांत तात्पुरत्या पित्ताचे सर्वांत जास्त आढळणारे कारण साधा विषाणूसंसर्ग आहे. सर्दी-तापात चट्टे उठतात आणि ठपका कालच्या केळ्यावर येतो. खऱ्या अन्न-ॲलर्जीचे चट्टे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठतात. परवाच्या वांग्याने आज पित्त उठत नाही. वांगे, हरभऱ्याची डाळ, दही, शेंगदाणे, अंडे, दूध अशी लांबलचक पथ्ये पुराव्याविना मुलांवर लादली जातात, तेव्हा त्यांच्या वाढीचे अन्न जाते. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. त्या मानाने दुखण्याच्या गोळ्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पित्त उठते, आणि जुनाट पित्त असलेल्या अनेकांचे बळावते. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकेही या यादीत आहेत. आधीच्या दिवसांत कोणती गोळी पोटात गेली, हे आठवणे काय खाल्ले ते आठवण्याइतकेच महत्त्वाचे.

औषधांविषयी थोडेच सांगतो, तपशील पुढे आहे. हिस्टामिन रोखणारे पहिले औषध दानिएल बोवे यांच्या प्रयोगशाळेत 1937 मध्ये निघाले. त्यांना 1957 चे नोबेल मिळाले. घराघरातल्या डब्यात असलेली अव्हिल याच जुन्या पिढीतली. ती मेंदूत शिरते, झोप आणते, आणि गोळी घेऊन स्कूटर चालवणाऱ्याचा हात मंदावतो. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नंतरच्या पिढीची औषधे मेंदूत फारशी जात नाहीत, सेटिरिझिनने काहींना थोडी गुंगी येते इतकेच. आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याच पिढीला पहिली पसंती देतात. जुनाट पित्तात ही गोळी चट्टे उठल्यावर घेण्याऐवजी रोज घ्यायची असते, आणि नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवतात. हे वाढवणे डॉक्टरांचे काम. गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा लहान मूल असेल तर पहिली गोळीही विचारूनच द्यावी. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चट्टे जादूसारखे जातात आणि म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा मागितल्या जातात. हाडे, साखर, रक्तदाब यांची किंमत देऊन मिळणारा तो आराम आहे. चिठ्ठीशिवाय त्या घेऊ नयेत. गोळ्यांना दाद न देणाऱ्या जुनाट पित्तासाठी 2014 पासून ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन वापरात आले. ते महाग आहे, पण ज्यांची झोप वर्षानुवर्षे गेली आहे त्यांना असा मार्ग आहे हे कळले पाहिजे.

शेकडो पदार्थांची रक्ततपासणी करून देणाऱ्या जाहिरातींना जुनाट पित्ताच्या रुग्णांनी बळी पडू नये. सुरुवातीला रक्तपेशींची गणना, दाह दाखवणारी ईएसआर किंवा सीआरपी आणि तज्ज्ञांना गरज वाटल्यास आयजीई व थायरॉइडची तपासणी, एवढे बहुधा पुरते. थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार विकाराशी जुनाट पित्ताचे नाते ठाऊक झालेले आहे. आणि हा आजार बहुतेकांना दोन ते पाच वर्षांत सोडून जातो, हेही रुग्णाला स्पष्ट सांगावे. घरातल्या माणसांनी तर रोज सांगावे.

हे पुस्तक मराठीत का, असे कोणी विचारले तर उत्तर इतकेच की 1956 पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एका राज्यात होते. त्या काळापासून इथे राहिलेली मराठी घरे आहेत, आणि नांदेड-परभणीकडचे लोक आजही दुखणे घेऊन या शहरात येतात. दवाखान्यात त्यांच्याशी हिंदीत, तेलुगूत, इंग्रजीत बोलले जाते. खाज कशी येते, हे मात्र माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो.

घरगुती उपायांची हद्द कुठे संपते, हे प्रत्येकाला पाठ हवे. पित्ताबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, वारंवार उलट्या झाल्या, चक्कर येऊन माणूस गळून गेला, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, आहे. तिथे आमसूल नको, गेरू नको, अव्हिलची वाटही पाहू नये. तिचे औषध एकच : मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे झोपवावे, पाय उंच ठेवावेत, एकदम उभे करू नये. श्वास फारच लागत असेल तर टेकून बसू द्यावे. आणि लगेच 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी याच शहरातून सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांनी स्वीकारली.

आता वाचकाला एक विनंती. पुढचे पान उलटण्याआधी घरात एक वही करा. चट्टे उठले की तारीख, वेळ, जागा, आधीच्या दोन तासांत खाल्लेले, दोन दिवसांत घेतलेल्या गोळ्या, ताप-सर्दी, ऊन, गारठा, घाम, दाब, आणि बायकांनी पाळीचा दिवसही लिहा. रोज रात्री चट्ट्यांना शून्य ते तीन आणि खाजेला शून्य ते तीन असे गुण द्या, सात दिवसांची बेरीज करा. ती जास्तीत जास्त 42 होते. तज्ज्ञ याच मापाने आजाराचा जोर आणि औषधाचा गुण मोजतात. कोणताही नवा उपाय सुरू केला तर त्याची तारीख लाल शाईने लिहा आणि एका वेळी एकच उपाय बदला. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही वही आणि फोनमधले फोटो बरोबर घेऊन जा.

— मलकपेठ, हैदराबाद